जीन्सचा एक पाय

जीन्सवर ३२ लिहिलेलं असतं आणि टेप लावली की कंबर साडेचौतीस भरते. हे मी वरोरा, चंद्रपूर आणि नागपूर अशा तिन्ही गावांतल्या दुकानांत स्वतःची टेप लावून पाहिलं आहे. काउंटरवरच्या पोरी आधी एकमेकींकडे बघतात, मग म्हणतात, "मॅडम, चार्टप्रमाणे बत्तीसच आहे." इंच हा इंच असतो, तो चार्टप्रमाणे नसतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. एकीने मला समजावलं की बायकांना बरं वाटावं म्हणून कंपनीवाले आकडा कमी लिहितात. मला बरं वाटत नाही, राग येतो. मी जिनिंग फॅक्टरीत हिशेब बघते. कापसाची गाडी काट्यावर चढल्यावर कुणाला बरं वाटावं म्हणून आम्ही वजन बदलून लिहायला लागलो, तर संध्याकाळपर्यंत फॅक्टरीला कुलूप लागेल.

खिशांचं तर बोलूच नये. बायकांच्या जीन्सला खिशाच्या जागी नुसती शिवण असते. आत हात घालायला गेलं की बोटं शिवणीवर आपटून परत येतात. कपडा शिवणाऱ्याने खिसा शिवायचे सगळे कष्ट घेतले आणि शेवटी खिसा तेवढा दिला नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

आणि इलॅस्टिक. आमच्या फॅक्टरीच्या आवारात दिवाळीनंतर कापसाचे ढिगारे उभे राहतात, माणूस मागे दिसेनासा होतो. त्याच्या गाठी बांधून बाहेर जातात, कुठेतरी सूत होतं, कापड होतं. मग आमच्याच बाजारात जी जीन्स येते ती ताणली की वीतभर लांबते आणि चार धुण्यांत गुडघ्याला पोतं होतं. निघाला तो कापूस कुठे गेला, हा प्रश्न मी ट्रायल रूममध्ये उभी राहून स्वतःला विचारत असते.

म्हणून माझ्याकडे जी एक खरी जीन्स होती, तिची किंमत मला ठाऊक होती. ती मी नागपुरात पुरुषांच्या विभागातून घेतली होती. चौतीस लिहिलेलं, टेपने चौतीस भरलेली. शंभर टक्के सुती, चार खरे खिसे. नवी असताना ती इतकी कडक होती की धुऊन वाळत घातल्यावर दोरीवरून काढली तरी उभीच राहायची. तिला नरम करायला दोन हिवाळे गेले. मग हळूहळू ती माझी झाली. मांड्यांवर फिकट पडली, गुडघ्यांवर त्याहून फिकट, गुडघ्यामागे बारीक रेषांचं जाळं उमटलं, आणि उजव्या खिशावर फॅक्टरीच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा ठसा आला. असा ठसा दुकानात मिळत नाही. दुकानात मिळतात ती सगळ्यांना सारखीच फाडून ठेवलेली भोकं.

तिच्यावर काय घालायचं याचे माझे नियम होते. कुर्ता आखूड, खिशाच्या खालच्या कडेच्या वर संपणारा, नाहीतर खिसे असून नसल्यासारखे. पायाला खाली एकच घडी, दोन बोटं रुंद. रोजच्याला पांढरा किंवा फिकट राखाडी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कुणाकडे जायचं असेल तर नागभीडकडच्या कोशाचा कुर्ता. कोसा म्हणजे रानातलं रेशीम, पिवळसर असतो, थोडा खरखरीत, आणि विरलेल्या निळ्यावर तो जसा शोभतो तसा सोन्याचा दागिनाही शोभत नाही. आईची एक सुती साडी जुनी झाली, तिचा पदर कापून मी त्याचा स्टोल केला होता. तो आणि ही जीन्स घालून मी स्कूटीवर निघाले की पन्नाशी जवळ आली आहे हे माझ्या लक्षात राहत नसे.

"मॅडम, या उन्हात जीन्स?" फॅक्टरीतले लोक दर एप्रिलला विचारतात. त्यांना मी दर एप्रिलला सांगते की उन्हात तापलेल्या सीटवर लेगिंग घालून बसून दाखवा. जाड सुती कापडातून झळ आत येत नाही. हा साधा हिशेब आहे, पण आमच्याकडे हिशेबापेक्षा लोकांना काय वाटतं ते मोठं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने या जीन्सवर डोळा ठेवला होता. "आई, ती व्हिंटेज आहे, मला दे." मी म्हणायचे, "ती व्हिंटेज नाही, ती माझी आहे."

मार्चच्या शेवटी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. ऐंशीच्या जवळ आलेल्या, आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावात एकट्या राहणाऱ्या. आदल्या मे महिन्यात त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या होत्या. शेजारणीने पाहिलं म्हणून वाचल्या. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हा आम्हाला बजावलं होतं की अंगातलं पाणी संपलं होतं, आता पुन्हा असं झालं तर मूत्रपिंड साथ देणार नाही. रोज दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि उन्हाळ्यात यांना एकटं ठेवायचं नाही. म्हणून नवऱ्याने जाऊन त्यांना आणलं. त्यांनी येताना एक नायलॉनची पिशवी आणली आणि मांडीवर धरून एक काळी सुरई आणली. चंद्रपूरला बस बदलतानाही सुरई कुणाच्या हातात दिली नाही.

सुरई मी दुधाच्या मापाने मोजून पाहिली. दोन लिटरला थोडी जास्त. मला बरं वाटलं, की रोज एक सुरई रिकामी झाली म्हणजे झालं.

ती रिकामी होईना. गावात सुरई मातीच्या जमिनीवर, ओल्या वाळूत, कडूनिंबाच्या सावलीत असायची. आमचं घर स्लॅबचं. वरोऱ्याच्या उन्हात तो स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत खाली गरमी सोडत राहतो. सुरईतलं पाणी दुपारी आंघोळीला चालेल इतकं व्हायचं.

"मी असं पानी पेत नाई," सासूबाई म्हणाल्या. "चाय बनवाचं पानी हाये हे."

"फ्रीजमधलं देते, आई."

"ते दातात घुसते. आन् त्याले बटाट्याचा वास येते."

मी सुरईला गोणपाट गुंडाळलं. त्याचाही वास आला. जुनी चादर गुंडाळली, ती स्वयंपाक होईपर्यंत वाळून कोरडी. माझी एक ओढणी गुंडाळली, तिचा रंग सुरईला लागला. रोज संध्याकाळी मी सुरई हलवून बघायचे आणि ती अर्धीही संपलेली नसायची. ओठ सुकलेले, लघवीला जळजळते म्हणून कुरकुर, आणि विचारलं तर म्हणायच्या, "पेते न मी. मोजून काऊन राह्यली?"

त्यांनी पिशवी पुढच्या दाराशी ठेवली होती. मी ती आतल्या खोलीत नेऊन ठेवायचे, दुपारी घरी यायचे तर ती पुन्हा दाराशी. "पानी असंच राह्यलं त मी आपल्या गावाले जाईन," हे त्या शांतपणे सांगायच्या, जसं कुणी उद्या आमटी करणार म्हणून सांगावं. आणि त्या जातील हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं, पण तो म्हणायचा, "पाऊस येईस्तोवर धकवू." ढग कुठे होते कुणास ठाऊक.

या दिवसांत त्यांनी माझ्या कपड्यांकडे बारकाईने बघायला सुरुवात केली होती. दिवसभर घरात दुसरं काही बघायला नव्हतं.

"काऊन वो, हा पँट उलटा काऊन वाळू घातला?"

"रंग उडू नये म्हणून, आई."

"रंग त उडलाच हाये."

"तसा उडायला वर्षं लागतात. हा खरा कापूस आहे. तो दुसरा बघा, काळा, त्यात इलॅस्टिक आहे. तो कापूस नाही."

हे मी एकदा नाही, रोज सांगितलं. बोलायला माणूस मिळालं की मी जीन्सवर बोलते, हा माझा दोष घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या ऐकायच्या, कधी दोन बोटांत कापड धरून बघायच्या. मला वाटलं, म्हातारीला गोडी लागली.

एका शनिवारी मला शिंप्याकडून कोशाचं बिनबाह्यांचं जॅकेट मिळालं. रविवारी ते या जीन्सवर घालून बघायचं, असं मी ठरवलं होतं. रविवारी सकाळी दोरीवर जीन्स नव्हती. मी खोलीत बघितलं, कपाटात बघितलं, नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कोणती?"

मग मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याच्या कोपऱ्यात ती दिसली. म्हणजे तिचा उजवा पाय दिसला. तो सुरईने घातला होता. गुडघ्याच्या वरून कापलेला, सुरईच्या बुडाकडून वर चढवलेला, अंगाबरोबर बसलेला आणि पाण्याने गडद झालेला. पायाची खालची घडी वर सुरईच्या गळ्याशी आली होती. एकच घडी, दोन बोटं रुंद. जशी मी घालते तशी.

सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"आई, हे काय केलं?"

"सुरईले लावला. पाहा, पानी कसं थंडं झालं."

"माझी जीन्स कापली तुम्ही?"

"पुरा नाई कापला," त्या म्हणाल्या. "एकच पाय घेतला. दुसरा तुह्यासाठी ठेवला न."

ही जीन्सच्या जगातली मला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत. मला हसायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी हसले नाही. मी विचारलं, माझ्या पाच जीन्स होत्या, हीच का? त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. पाचही जीन्सवर त्यांनी पाणी टाकून पाहिलं होतं. काळ्यावरून पाणी घरंगळून गेलं. बाकीच्या तीन लगेच वाळायला लागल्या. "तूच त सांगते रोज, हाच खरा कापूस हाये म्हणून. आन् सगळ्यात विरला तोच होता. चांगला नवा पँट कापला असता त तू मले रागावली नसती का?"

आमच्या घरांत रीत अशीच आहे. विरलेलं लुगडं पाण्याच्या माठावर जातं, धड असतं ते अंगावर. धड टाकून विरलेलं जपणारी बाई त्यांनी ऐंशी वर्षांत पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "निदान विचारायचं तरी, आई." आवाज माझ्या मापापेक्षा मोठा झाला. त्या पाटावरून उठल्या. लसूण तसाच ठेवून आतल्या खोलीत गेल्या.

नवरा आला, बघितलं आणि म्हणाला, "अरे, नवीन घेऊ ना. बत्तीस ना तुझी?" पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार, आणि बत्तीस. मुलीला फोन केला. ती आधी ओरडली, मग इतका वेळ हसली की मी फोन ठेवायला निघाले. "आई, उरलेली तरी दे मला. एका पायाची." मी फोन ठेवला. कोशाचं जॅकेट हँगरवर लटकत होतं, त्याच्याकडे बघवेना.

त्या रागात मी एक काम केलं, जे मी कोणत्याही रागात करते. टेप काढली. सुरईचा घेर एकोणीस इंच भरला, जीन्सचा पाय कापलेल्या जागी साडेएकोणीस. अर्ध्या इंचाची सैल. एवढी बरोबर मापाची जीन्स मला तिन्ही गावांत बायकांच्या विभागात मिळाली नव्हती, ती सुरईला मिळाली. पाणी पेल्यात ओतून प्यायले. थंड होतं. फ्रीजसारखं दातात घुसणारं नव्हतं, विहिरीचं असावं तसं. त्याने माझा वैताग वाढला.

सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा पिशवी दाराशी होती आणि तिची चेन लावलेली होती. ती चेन बिघडलेली होती, लागत नसे. त्यांनी ती दोऱ्याने शिवून बंद केली होती. आत सासूबाई खिडकीच्या उजेडात बसल्या होत्या. मांडीवर माझी जीन्स, शेजारी कापलेला पाय धुऊन वाळवलेला, हातात वाकळ शिवायची लांब सुई. ओट्यावर सुरई उघडी. मी उचलून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी मीच भरली होती. पाणी कोमट.

"आई, सकाळपासून किती पाणी प्यालात?"

"पाय लावून देऊन राह्यली," त्या म्हणाल्या, सुईकडे बघत. "उद्याची गाडी पकडीन. तुह्या पँटासाठी माह्यं मन मले खाते."

पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते, वाकळीला असतात तसे, लहान आणि सरळ रांगेत. अर्ध्याहून जास्त घेर झाला होता. बाजूची जाड शिवण आली तिथे सुई अडकली होती. त्या अंगठ्याने ती रेटत होत्या आणि अंगठ्याला खड्डा पडला होता. ओठांवर कातडी सोलली होती. मी जवळ बसून बघितलं तेव्हा अजून एक गोष्ट दिसली. पाय उलटा लावला होता. गुडघ्याचा फिकट गोल मागे गेला होता आणि गुडघ्यामागचं रेषांचं जाळं पुढे आलं होतं. मी ती घातली असती तर माझा एक पाय पुढे आणि एक पाय मागे निघाला असता.

हे त्यांना सांगणं अशक्य होतं. तशी जीन्स घालणंही अशक्य होतं. आणि उद्याच्या गाडीने त्या गेल्या की त्या अंगणात कोण बघणार होतं?

मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. कात्री आणली. आधी त्यांचे टाके कापले. त्या म्हणाल्या, "अवो, काय करून राह्यली?" मग जीन्स जमिनीवर पसरली, उजव्या पायाच्या कापाशी डावा पाय जुळवला, टेपने खूण केली आणि डावाही कापला. जाड कापड, कात्री करकरत गेली. एवढी वर्षं नरम केलेलं कापड होतं ते.

"हे घ्या," मी म्हटलं. "दोन्ही पाय तुमचे. एक सुरईवर, एक दोरीवर. वास येणार नाही."

त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी लावून पाहिले. "आन् तू काय घालशीन?"

"उरलं ते. हाफ पँट."

"या वयात?"

"हो."

"गुडघे दिसतीन न वो."

"दिसू द्या."

त्यांनी यावर विचार केला. "रोवण्याले सगळ्याइचे दिसतेच म्हणा," त्या म्हणाल्या. धानाची रोपं लावताना बायका लुगडं गुडघ्याच्या वर खोचतात, ते त्यांना आठवलं असावं. "पन आमच्या गावात नको घालजो. वावरात घातला त चालते."

मी डावा पाय नळाखाली भिजवला आणि सुरईवर चढवला. डावा उजव्यापेक्षा पाव इंचाने सैल बसला. घडी त्यांनी घातली. त्यांच्या घडीत माझ्यापेक्षा जास्त नीटपणा आहे, हे लिहिताना मला आनंद होत नाही. मग आम्ही जेवलो. जेवण आटोपून ताटं आवरेपर्यंत त्यांनी दोनदा सुरई कलती केली. मी न बघितल्यासारखं केलं. संध्याकाळी फॅक्टरीतून आले तेव्हा पिशवी दाराशीच होती, पण चेनवरचा दोरा उसवलेला होता. लुगडी काढून त्यांनी खुंटीवर टाकली होती.

तेव्हापासून सुरई रोज रिकामी होते. कधी त्या दुपारीच पुन्हा भरायला लावतात. डॉक्टरांनी परवा तपासून सांगितलं की ठीक आहे, हेच चालू ठेवा. काय चालू ठेवायचं ते मी त्यांना सांगितलं नाही.

उरलेली चड्डी मी कोशाच्या जॅकेटखाली घालून आरशासमोर उभी राहिले. शोभते. पण घराबाहेर कुठे घालणार, आणि घरात कोशाचं जॅकेट घालून भाकरी कोण थापतं? मुलीने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की पुण्यात सगळ्या अशाच घालतात. मग तिकडेच घाला म्हटलं. खिसे मात्र चारही शाबूत आहेत. नव्या जीन्ससाठी मी परवा चंद्रपूरला जाऊन आले. बाटलीतलं पाणी कापडावर टाकून बघायला लागले तेव्हा दुकानातल्या पोरीने मालकाला हाक मारली.

आता सुरईच्या पोटावरही कापड फिकट पडायला लागलं आहे. जिथे गोलाई जास्त तिथे जास्त फिकट, गळ्याकडे गडद, आणि आतून पाझरणाऱ्या पाण्याने खाली पांढऱ्या लाटांसारख्या कडा. मी ते मुद्दाम केलं असतं तर जमलं नसतं. रोज सकाळी पाणी भरताना मला ते दिसतं आणि रोज सकाळी मला चीड येते, की ते छान दिसतं.

सासूबाईंना यातलं काही पडलेलं नाही. त्या दोरीकडे बघतात, कोणता वाळला ते हात लावून पाहतात आणि मला विचारतात, "आज कोनता पाय घालू वो? उजवा का डावा?"

मी सांगते. मी सांगितलेला त्या घालत नाहीत.